काय मारू, भाऊ?

ब्राह्मणपुरीत खासगी बोलायचं असेल तर शहाद्याची एसटी पकडावी लागते. घरात बोलावं तर भिंतीपलीकडे भावकी. ओट्यावर बसावं तर समोरच्या ओट्याचे कान इकडेच. शेतात जाऊन बोलावं म्हटलं तर बांधावर कोणीतरी मोटर बघायला आलेलाच असतो. लाइट रात्रीची असली तरी तो दुपारी येतो. राहता राहिली गाडी. शेजारच्या सीटवर अनोळखी माणूस बसला, त्याने पिशवी पायाशी ठेवली, की आपल्याकडचा माणूस मोकळा होतो. सख्ख्या भावाला जे कधी सांगितलं नाही ते गाडी गावाबाहेर पडायच्या आत याला सांगून होतं, आणि वर विचारणा: "मग तुम्हाला काय वाटतं?"

प्रश्न तरी कसले? गुडघ्याला काय लावू. पोरगं बारावीत लटकलं, आयटीआयला घालू की शेतात घालू. सोसायटीचं कर्ज मार्चमध्ये नवं-जुनं करू की राहू देऊ, माफी येईल म्हणतात. वाटणीच्या कागदावर बहिणीची सही राहिली, काही होईल का?

शेजारचा पाहुणा खिडकीबाहेर बघत निकाल देतो: "काही होत नाही हो. बहीण कुठे मागायला येते?" वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली, हे या न्यायमूर्तींच्या गावी नसतं. पण ज्या बहिणीला जन्मात पाहिलं नाही तिचा स्वभाव मात्र त्यांना पक्का ठाऊक असतो. विचारणाऱ्यालाही तेवढंच पुरतं. त्याला कायदा कुठे हवा होता? त्याचं मन आधीच ठरलेलं. फक्त कोणीतरी 'हो' म्हणायचं बाकी होतं. आणि याने 'नाही' म्हटलं असतं तर येताना परतीच्या गाडीत दुसरा भेटलाच असता.

गोची एकच: आपल्याकडे अनोळखी माणूस टिकत नाही. खान्देशात पहिला प्रश्न ठरलेला. "कोनता गावना भाऊ?" गाव कळलं की आडनाव. आडनाव कळलं की "मग तुम्ही त्या तलाठी आप्पांचे कोण?" कंडक्टरने तिकीट फाडून हातात देईपर्यंत समोरचा आपल्या आतेभावाच्या साडूचा मेहुणा निघालेला असतो. तेव्हा पोटात गोळा येतो, कारण कर्जाचा आकडा सांगून झालेला असतो. संध्याकाळी तो आकडा आपल्या आधी घरी पोचतो, वाटेत थोडा वाढलेला.

आधार योजनेचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत झाला. पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या, देशातली पहिली आधार कार्डं इथे दिली गेली. बारा आकडी ओळख जिथे जन्मली तिथेच आजही माणसाची खरी ओळख 'कोणाचा पोऱ्या' यावर ठरते. बारा आकडे सांगून बघा कोणाला. तो ऐकून घेईल आणि विचारेल, "ते ठीक आहे, पण मामा कोणत्या गावचा?"

असो. मुख्य प्रश्न पपईचा.

शहादा तालुका म्हणजे ऊस, कापूस, केळी आणि पपई. त्यातही पपईने माणसाला जितकं प्रश्नाला लावलं तितकं दुसऱ्या कोणी नाही. पपईवाला शेतकरी ओळखू येतो. खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये लग्नाचे फोटो कमी आणि पानांचे जास्त. चहाच्या टपरीवर कोणी जरासा शहरी दिसला, पायात बूट दिसले, की फोन पुढे येतो: "हे बघा. शेंडा आखडला. पान पिवळं, शिरा हिरव्या. फळावर गोल गोल डाग. काय मारू, भाऊ?"

बूटवाला कदाचित विम्याचा एजंट असतो, कदाचित शाळेत गणवेश पोचवायला आलेला असतो. त्याने आयुष्यात पपई फक्त कापलेली पाहिलेली असते. तरी तो फोन हातात घेतो, दोन बोटांनी फोटो मोठा करतो, भुवया आकसतो आणि म्हणतो, "बुरशी वाटते." आमच्या मुलखात 'मला माहीत नाही' हे वाक्य उच्चारायला बहुधा परवाना लागतो, कारण ते कोणाच्या तोंडून ऐकू येत नाही.

आता फळावर गोल वलयं, पानावर पिवळे-हिरवे चट्टे, हा सगळा प्रकार रिंग स्पॉट विषाणूचा. मावा त्याला या झाडावरून त्या झाडावर नेतो. झाडात एकदा विषाणू शिरला की त्याला मारणारं औषध नाही. माव्याला आवर घालायचा, रोगट झाड उपटून लांब नेऊन नष्ट करायचं, आणि पुढच्या लागवडीची रोपं नीट बघून घ्यायची, एवढंच हाती असतं. कृषी विद्यापीठातला माणूस हेच सांगेल. पण हे ऐकायला कोणी तयार नाही. "उपटा" हा काय सल्ला झाला? लावायला खर्च केला तो उपटायला? शेतकऱ्याला 'मारायचं' असतं. त्याच्या प्रश्नातच उत्तर अर्धं भरलेलं आहे. काय मारू? म्हणजे काहीतरी मारायचंच, ते पक्कं. नाव तेवढं सांगा.

आणि नाव सांगणारा तयार असतो. कृषी सेवा केंद्र नावाच्या दुकानात. काउंटरवर फोन ठेवायचा अवकाश, तीन बाटल्या रांगेत उभ्या. एक 'व्हायरससाठी', एक टॉनिक, एक स्टिकर, म्हणजे आधीच्या दोन पानाला चिकटून राहाव्यात म्हणून. पंपाला किती, हे बाटलीच्या झाकणावर नख मारून सांगितलं जातं. सल्ल्याचे पैसे तो घेत नाही, हे तो स्वतःच आवर्जून सांगतो. खरंच आहे. डॉक्टर तपासायचे पैसे घेतो आणि औषध दुसरीकडून आणायला सांगतो. हा तपासणी फुकट करतो, औषध स्वतःच देतो आणि उधारही देतो. पुढच्या वेळी 'उपटा' असं सांगणाऱ्याकडे कोण जाईल?

बाटलीवर एक तिरका चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. हा रंग कोणता, असं काउंटरवर विचारणारा माणूस बघायला मिळाला तर त्याचा सत्कार करावा. बाटलीबरोबर येणारा माहितीचा कागद इतका घडी घातलेला असतो की तो उघडण्यापेक्षा पपई उपटणं सोपं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा चौकश्या झाल्या, किट वाटण्याच्या घोषणा झाल्या. 'काय मारू' हा प्रश्न मात्र तसाच राहिला. 'मारताना तोंडाला काय बांधू' हा प्रश्न अजून कोणी विचारत नाही.

सरकारनेही एक अधिकृत अनोळखी माणूस नेमून ठेवला आहे. किसान कॉल सेंटर, जानेवारी २००४ पासून. १८०० १८० १५५१. फुकट. सकाळी सहा ते रात्री दहा. पलीकडची ताई मराठीत बोलते, आधी नाव विचारते, मग जिल्हा, मग तालुका, मग पीक. इथवर आपला माणूस खूश असतो, कारण हे 'कोनता गावना'सारखंच चाललेलं असतं. मग ती शास्त्रशुद्ध उत्तर देते आणि फोन ठेवते. मामा कोणत्या गावचा ते विचारतच नाही. अशा बाईच्या सल्ल्यावर पंप कसा भरायचा?

अनोळखी माणसाच्या सल्ल्यावर आपल्याकडे याहून मोठे सौदे होतात. लग्नं. स्थळ बघायला जाण्याआधी दोन माणसं मोटरसायकलवरून मुलाच्या गावात जातात. पाहुण्यांच्या घरी नाही, फाट्यावरच्या पानटपरीवर. पुडी घेतात, चुना मागतात, आणि मग सहज: "ते अमुक अण्णा राहतात ना इथे, घर कसं आहे?" या एका वाक्यावर मुलीचा जन्म टांगलेला असतो, आणि तो ज्याच्या हातात, त्याचा हात या क्षणी कात-चुन्यात असतो. टपरीवाला वर बघत नाही. अण्णांच्या पोराची उधारी फिटलेली असेल तर घर सोन्यासारखं. थकलेली असेल तर "घर चांगलं आहे, पण..." या 'पण'नंतर तो पान दुमडतो, बोलत नाही. दोघं जे समजायचं ते समजतात. मुलगा दारू पितो का, कर्ज किती, बाप तापट आहे का, हे सगळं त्या गप्प राहण्यात आलं. मुलीला काही विचारायचं असेल तर? तिला कोणी मोटरसायकलवर बसवून फाट्यावर नेत नाही.

बायकांच्या वाट्याला आलेला अनोळखी माणूस दवाखान्याच्या बाकावर भेटतो. केस पेपर काढून नंबर येईपर्यंत शेजारची बाई जे ऐकते ते आत डॉक्टरला कधी सांगितलं जात नाही. आत फक्त 'पोट दुखतं'.

न विचारता येणाऱ्या प्रश्नांसाठी मराठीत एकाने दुकान काढलं होतं. रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक, मुंबईतून. लोक लैंगिक अडचणी लिहून पाठवायचे, घरात ज्याचा उच्चार झाला तर जेवण बंद व्हावं असे प्रश्न, आणि कर्वे सरळ उत्तर छापायचे. हातात बाटली नव्हती, उधारी नव्हती, मामा विचारायचा नव्हता. असा सल्लागार सरकारला कसा परवडावा? वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवून १९३४ साली खटला भरला गेला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना अडचणी आहेत, ते विचारताहेत, तर उत्तर द्यायला नको का, असा त्यांचा साधा मुद्दा. खटला हरले. दंड दोनशे रुपये. प्रश्न विचारणाऱ्यांना कोणी काही म्हटलं नाही, ही त्यातली गंमत. तोटा सोसत कर्व्यांनी मासिक १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. चुकीचं उत्तर दिलं म्हणून आपल्याकडे कोणाला दंड झाल्याचं ऐकिवात नाही. नाहीतर फाट्यावरचा पानवाला कधीच खडी फोडायला गेला असता.

हल्ली छापील सल्ल्याला वेगळीच मागणी आहे. पपई उत्तरेकडे जाते तेव्हा फळ घासलं जाऊ नये म्हणून रद्दीत गुंडाळतात. शेतात बायका रांगेने बसतात, फळ उचललं, कागद फिरवला, बाजूला ठेवला. त्या कागदांत त्वचेचा सल्ला असतो, गुंतवणुकीचा असतो, 'सासूशी पटत नाही, काय करू' हा असतो. सगळं पपईभोवती लपेटून दिल्लीकडे रवाना. प्रस्तुत सदराचीही शेवटची उपयुक्तता तीच, आणि कागद जरा जाड लागला तर बायका नावाजतात.

तोडणीच्या दिवसांत ब्राह्मणपुरीत खराखुरा अनोळखी माणूस येतो तो पपई न्यायला आलेल्या ट्रकवर. ड्रायव्हर. त्याचा मामा खान्देशात कुठेच नसतो, 'कोनता गावना'चं उत्तर देऊन तो सुटतो. मग सगळे त्याच्याभोवती. शहाद्याच्या बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी बसून किलोचा भाव ठरवतात, तो मोबाइलवर आलेला असतो. पण त्यावर कोणाचा विश्वास नसतो. विश्वास ड्रायव्हरवर. "उधर क्या भाव बिकता है, भैया?" भाड्यावर गाडी हाकणाऱ्या माणसाला मंडीतला भाव कुठून कळावा? तो स्टेअरिंगवर हात ठेवून जरा विचार करतो आणि एक आकडा फेकतो. आकडा मोठा असतो. मंडळी एकमेकांकडे बघतात: बघा, म्हटलं नव्हतं? त्या आकड्यावर पुढचा आठवडाभर व्यापाऱ्याला शिव्या देता येतात.

गाडी भरून झाली की ड्रायव्हर त्याचा एकुलता एक प्रश्न विचारतो. खेतियावरून सेंधव्याला रस्ता कसा आहे? झालं. कोणी म्हणतो पानसेमलला वळू नका. कोणी म्हणतो वळाच. कोणी म्हणतो, कशाला, शिरपूरवरून हायवे पकडा. जो गेल्या दिवाळीपासून गावाबाहेर पडलेला नाही तो खड्डे कुठे कुठे आहेत ते हवेत बोटाने काढून दाखवतो. ड्रायव्हर इंजिन चालू करतो तरी दाराला धरून एक जण लटकलेलाच असतो: "सेंधवामें मेरे सालेका ढाबा है. रुकना. मेरा नाम बताना."