डोंगराचा भाव आणि चाळीचे भाडे

गिरगाव आणि मलबार हिल या मुंबई महापालिकेच्या डी विभागातील सख्ख्या शेजारणी. दोघींना एकाच चौपाटीचा वारा लागतो. परंतु एकीत घर सोडणे अशक्यप्राय, तर दुसरीत घेणे. गिरगावकर असल्यामुळे पहिल्या प्रकाराविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो.

आमच्याकडे घर विकत मिळत नाही. ते वारशाने किंवा पागडीने प्राप्त होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानल्यापासून आमच्या चाळीच्या भाड्याने जी समाधी लावली, ती १९९९ च्या कायद्याने दिलेल्या वार्षिक ४ टक्के वाढीनेही फारशी भंगली नाही. पावतीपुस्तक घेऊन जिने चढणाऱ्या, धापा टाकणाऱ्या मेहताला माणुसकीखातर जो चहा आणि ज्या दोन खाऱ्या आम्ही देतो, त्यांची किंमत त्याने वसूल केलेल्या भाड्याच्या फार खाली नसावी. मात्र खोली दुसऱ्याच्या नावावर करण्याचा प्रसंग आला, की छप्पर गळते म्हणून आम्ही ज्याचा वर्षभर उद्धार केला तो घरमालक एकाएकी सार्वभौम होतो. रिवाजाप्रमाणे पागडीच्या रकमेचा सुमारे तिसरा हिस्सा त्याच्या पदरात पडल्याखेरीज पावतीवरचे नाव हलत नाही. पूर्वी हा व्यवहार टेबलाखालून होई, १९९९ च्या कायद्याने तो टेबलावर आणला. टेबल तेच आहे.

एका सधन स्नेह्यांनी मलबार हिलवर जागा पाहताना सोबतीला मला नेले, तेव्हा दलालाने मुले किती हे न विचारता गाड्या किती हे विचारले. नोकराची म्हणून त्याने जी खोली दाखवली, तीत आमच्या मजल्यावर पाच माणसे, एक शिवणयंत्र आणि गणपतीचे मखर सुखाने राहतात. दर चौरस फुटाला लाखाच्या वरचा. परंतु तो ऐकताना आम्ही फुटांकडे पाहू नये, अशी त्याची तजवीज होती. आम्हांला थेट खिडकीशी नेऊन तो म्हणाला, "साहेब, पैसे याचे आहेत."

याचे म्हणजे खालच्या चौपाटीचे, समुद्राचे आणि आमच्या कौलांचे. डोंगरावरच्या कमला नेहरू पार्कातून समुद्रदर्शन अबाधित राहावे म्हणून खालच्या पट्ट्यातील इमारतींच्या उंचीवर विकास नियमावलीने वर्षानुवर्षे लगाम ठेवला होता, हे मला ठाऊक होते. पण चाळीस रुपये भाडे भरून आपण कोट्यवधींच्या देखाव्यात वास्तव्य करतो, आणि त्याबद्दल छदामही मिळत नाही, हा अन्याय प्रथमच ध्यानात आला.

मी गिरगावचा, हे कळताच दलालाचा चेहरा गंभीर झाला. "तुमच्याकडे टॉवर कधी उठतोय?" त्याने हळूच विचारले.

"५१ टक्के संमती लागते," मी म्हणालो, "आणि तळमजल्याचे काका वरच्या मजल्याशी बोलत नाहीत."

"वा!" तो प्रसन्न होऊन म्हणाला आणि स्नेह्यांकडे वळला. "ऐकलंत ना साहेब? व्ह्यू कुठे जात नाही."