कातळाची चढण

आभाळात ढग पळत असले की धावल्याचा आळ चंद्रावर येतो. लहानपणी अंगणात बाजेवर पडून आम्ही भावंडं तो कुठे निघालाय यावर हिरिरीने भांडायचो. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली या प्रकाराचा नीट अभ्यास केला. भोवतालचं मोठं सरकलं, तरी आपण गती मधल्या लहानाच्या नावावर मांडतो. मोठ्यांना स्थिर मानायची ही सवय घराघरांत असते. ती डोळ्यांतही मुरलेली असावी, एवढंच.

जपानच्या अकियोशी किताओकांनी २००३ साली काढलेलं फिरत्या सापांचं चित्र तर कागदावर गुमान छापलेलं. तरी बहुतेकांना त्यातली वेटोळी गरगरताना दिसतात. ज्या वेटोळ्यावर नजर रोखावी ते थबकतं आणि कडेची फिरत राहतात. मास्तरांनी पाहिलं की तो बाक शहाणा होतो, बाकीच्या वर्गाच्या खोड्या चालूच.

पण माझा जीव जडलाय तो धबधब्यावर. स्कॉटलंडात लॉक नेसजवळ फॉयर्सचा धबधबा आहे. रॉबर्ट ॲडम्स नावाच्या गृहस्थांनी तो बराच वेळ न्याहाळला, मग नजर बाजूच्या खडकावर वळवली, तर खडक संथपणे वर निघालेला! १८३४ साली त्यांनी ते छापूनही टाकलं. मेंदूत खाली जाणारी गती टिपणाऱ्या पेशी वेगळ्या, वर जाणारी टिपणाऱ्या वेगळ्या. एरवी दोघींचं पारडं सारखं, म्हणून दगड दगडासारखा दिसतो. कोसळतं पाणी पाहून पहिल्या दमतात, आणि दुसऱ्यांची कुजबुजही दवंडीसारखी ऐकू येते. त्याहून लोभस गोष्ट पुढेच आहे. खडक चढत राहतो, पण जागचा तसूभर हलत नाही! गतीचं खातं निराळं, जागेचं निराळं, आणि एकाची नोंद दुसऱ्याशी ताडून पाहायची कुणाला गरजच वाटत नाही. असली सोशिक विसंगती डोक्यात बाळगून आपण रस्ते ओलांडतो, माणसं ओळखतो, फोडणीत मोहरी नेमकी टाकतो.

यंदाच्या पावसात ठोसेघरच्या धबधब्याला गेलात, तर कठड्याच्या अलीकडे उभं राहून पाण्यात एकाच जागी मिनिटभर नजर लावा, मग शेजारच्या कातळाकडे पाहा. फोटो काढायच्या भानगडीत मात्र पडू नका. कॅमेऱ्याला तो चढताना दिसत नाही.