विसापूरचा तिकोना

तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला आली, की निगडीपासूनचा रस्ता कंपनीच्या बसगाड्या विसरतो आणि एका रात्रीपुरता टाळांच्या हवाली होतो. अशाच एका रात्री मामांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग झालं. मंडळातले निम्मे गडी भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमधून निवृत्त झालेले. जन्मभर प्रेसच्या दणक्यावरून एकमेकांना हाका मारलेल्या माणसांना ‘जरा हळू गा’ म्हणायचं कुणी? त्यांनी विठ्ठलालाही तशीच हाक मारली, आणि आवाज फाटला.

फाटलेला आवाज संगणकावर पाहणं हा एक निराळाच उद्योग आहे. यंत्र सेकंदाला 44,100 वेळा आवाजाच्या लाटेची उंची मोजतं; प्रत्येक मोजणी म्हणजे एक नमुना. पण 16 बिटांच्या मोजणीत 32,767 च्या वर आकडाच नाही. भक्ती त्यापुढे गेली, तरी यंत्र निमूटपणे तोच आकडा लिहीत राहतं. खरी लाट माथ्यावर टेकते न टेकते तोच उतरायला लागते. एकाच आकड्यावर चार-पाच नमुने सलग ठाण मांडून बसले, की ओळखावं, इथे शिखर कापलं गेलं. ‘ऑडॅसिटी’ हा आवाजाचा प्रोग्रॅम अशा जागी तांबड्या रेघा मारतो. गजरापाशी पडदा पार कुंकवात बुडाला होता. (पुढे कुणी आवाज कमी करून फाइल दिली, तर रेघा गायब होतात, सपाटी मात्र खालच्या पातळीवर तशीच राहते.) परदेशात आवाजाची शिखरं अशी हौसेनं कापतात. 2008 साली मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका चढवून काढला, की चाहत्यांनीच तक्रारी केल्या. आमच्या मंडळाला निदान असला हिशेब ठाऊक नव्हता.

दुरुस्ती मोठी हळुवार असते. आधी सगळं भजन सहा डेसिबल खाली आणायचं, म्हणजे लाटेची उंची जवळजवळ निम्मी. हरवलेल्या माथ्याला वर जागा तर हवी! मग प्रोग्रॅम दोन्ही बाजूंचे चढ-उतार पाहतो आणि मधलं शिखर अंदाजानं रेखतो. बघता बघता पठारी विसापूर किल्ल्याचा निमुळता तिकोना गड होतो. सपाटी चिमूटभर असेल तर अंदाज सुरेख जमतो. पण जिथे दहा-बारा टाळ एकदम कडाडले, तिथे यंत्रानं काढलेलं शिखर फारच शहाण्या माणसाचं वाटतं. त्या रात्री तिथे कुणीच इतकं शहाणं नव्हतं.

नीट केलेली फाइल मामांच्या मोबाइलवर पाठवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. “स्वच्छ झालंय,” ते म्हणाले, “पण आवाज बारीक का रे? मंडळी जेवली नव्हती काय?” आणि त्यांनी आवाज पार शेवटापर्यंत चढवला. मोबाइलचा तो एवढासा स्पीकर थरथरला, चरचरला, गजरापाशी साफ फाटला.

“हां,” मामा खुशीत म्हणाले, “आता आले आपले टाळ!”