पाच वाजताचे कावळे

"काकू, आहात का हो? वाटीभर भाजणी द्याल? माझी संपली आणि दळण अजून गिरणीतच आहे."

"थांब, आणते. ती मेंदी जरा बाजूला सार, म्हणजे डबा देता येईल. कुणाला हवंय थालीपीठ? थोरल्याला?"

"त्याचं तर बारमाही आहे. आज धाकटीला. मी लवकर आले म्हणून दिसलं तरी. शाळेतून आली, दप्तर दारात फेकलं आणि डबे उचकायला लागली. दुपारच्या डब्यात तीन पोळ्या दिल्या होत्या, उसळ होती, सगळं चाटूनपुसून संपवलेलं. तरी भूक! सासूबाई म्हणाल्या, 'मुलीच्या जातीला एवढी भूक बरी नाही, अशानं फुगशील.' झालं. पोरीनं बिस्किटांचा पुडा उचलला आणि खोलीचं दार लावून बसली."

"तेरा पूर्ण झाली ना तिला?"

"हो, आठवीत आहे."

"मग लागणारच भूक. अगं, हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कुणाला रोज किती उष्मांक लागतात त्याचा तक्ता त्यांनी २०२० साली नव्यानं काढला. तेरा ते पंधराच्या मुलीला २४००. आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्या मोठ्या पुरुषाला, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, २११०."

"काय सांगता! म्हणजे हिला ह्यांच्यापेक्षा जास्त?"

"जास्त. थोरला सोळाचा ना? त्याला ३३२०. आणि तुझं कामही बैठं, तुझं १६६० मध्ये भागायला हवं."

"अगं बाई! आणि आमच्याकडे पहिली भाकरी ह्यांच्या ताटात."

"सगळ्यांकडेच. मुख्यसेविका म्हणून अंगणवाड्या पालथ्या घातल्या, तेव्हा घराघरांत हेच बघितलं. मुलानं परत मागितलं की 'वाढतं वय आहे', मुलीनं मागितलं की 'जीभ फार झालीय'. आणि नेमकी याच वयात पाळी सुरू होते. लोह तिला रोज ३० मिलिग्रॅम लागतं, तिच्या वयाच्या मुलाला २२. उंची ताणायच्या आधी पोरी जरा भरतात, मग आपोआप सडसडीत होतात. तेवढ्यावरून टोमणा मारला तर पोर खायची थांबत नाही, लपून खाते. बिस्किटं घेऊन दार लावलंच ना?"

"सासूबाईंना हे कोण सांगणार पण?"

"तू नको सांगूस. सुनेनं सांगितलं की त्याचं भांडण होतं. मी येते शुक्रवारी, वाण द्यायच्या निमित्तानं. आणि त्यांना समजवायचं नाही, कामाला लावायचं. 'तुमच्यासारखा दाण्याचा लाडू आमच्याकडे कुणाला वळता येत नाही' म्हणायचं. स्वतः वळलेला लाडू नातीनं खाल्लेला कुठल्या आजीला खुपलाय?"

"आणि रोज संध्याकाळी करायचं काय? मला यायला सहा वाजतात, पोरं येतात पाचला. गॅस मी पेटवू देत नाही."

"मग बिनगॅसचं ठेव. दडपे पोहे! पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक कांदा, लिंबू. फोडणी सकाळी वाटीत करून ठेवलीस की पोरं वरून घालतील. सकाळच्या चहाबरोबर चार अंडी उकडून ठेव, एकेका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत. नाहीतर सातूचं पीठ. भाजलेले गहू, डाळं, जिरं, वेलदोडा. दूध-गुळात कालवलं की झालं, त्याला काय गॅस लागतो?"

"सातू मी लहानपणी खाल्लंय. आता कोण करतं?"

"आता तेच चकचकीत पुड्यात बांधून दामदुपटीनं विकतात, तेव्हा आवडीनं घेतात. शेंगांचा हंगाम आला की कुकरभर शेंगा मीठ घालून उकडून ठेव. मूठभर दाण्यांत सात ग्रॅम प्रथिनं, शिवाय तेल. तेच खरं पोट धरून ठेवतं. बिस्किटात मैदा, साखर आणि पामतेल. तासाभरात पोट परत रिकामं, पण जिभेवर गोड बसलेलं, मग नऊला भाजीपोळी नको असते आणि अकराला फ्रिजचं दार वाजतं."

"अगदी! रात्री अकराला आमच्याकडे फ्रिज वाजतोच. मला वाटायचं थोरला अभ्यासाला जागतो म्हणून."

"पाचला त्याला खाऊ नको असतो गं, जेवण हवं असतं. दुपारी साडेबाराला डबा खाल्लाय, मग मैदानावर धावलाय, सायकल मारत घरी आलाय. भाकरी, दही, वर शेंगदाण्याची चटणी. सकाळी करतेस त्यातल्याच दोन भाकऱ्या जास्तीच्या टाकायच्या. सरकारसुद्धा हे जाणून आहे बघ. शाळेतल्या पोषण आहारात पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५०. एरवी जे सरकार हात आखडता घेतं, ते सहावीला दीडपट मोजून देतं! आपण मात्र चौथीत टाकायचो तेवढ्याच पोळ्या आठवीत टाकतो आणि वर विचारतो, इतकी कशी भूक."

"बरं, ही भाजणी तुम्ही कशी करता? माझी कडवट होते."

"मेथी जास्त पडत असेल, नाहीतर धणे करपत असतील. ज्वारी, बाजरी अर्धा-अर्धा किलो, तांदूळ पाव, हरभरा डाळ पाव, उडीद डाळ पाव, धणे मूठभर, मेथी चिमूटभर. प्रत्येक वेगळं भाजायचं, एकत्र टाकलं की एक कच्चं राहतं आणि दुसरं जळतं. डाळ चोरून पीठ वाढवायचं नाही. ज्वारी-बाजरीत लायसिन कमी असतं, ते डाळीतून येतं. आपल्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण डाळीशिवाय भाजणी त्यांनी कधी दळली नाही."

"धाकटीला नुसतं थालीपीठ नको असतं, सॉस लागतो."

"दे की! सॉसवरून लढाई करू नकोस. कांदा, कोथिंबीर, मेथीची पानं पिठात घाल, लोण्याचा गोळा वर ठेव, आणि सॉस लावून खाऊ दे. एवढ्यातेवढ्यावरून तोंड वाकडं करणाऱ्या आया मला पटत नाहीत. उसळीवर मात्र लिंबू पिळायला शिकव, लोह अंगी लागतं. आणि शाळेतून आल्या आल्या चहा नको, चहानं तेच लोह अडतं. तासाभरानं घेऊ दे, घ्यायचाच असेल तर."

"आणि नाचणी? कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणतात नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम."

"शंभर ग्रॅम कोरड्या पिठाचं शंभर ग्रॅम दुधाशी मोजलं तर तिप्पट खरं. पण एका घावनात जातं किती पीठ? मूठभर. म्हणून नाचणी द्यायची आणि दूध-दहीही द्यायचं. एक दिलं म्हणून दुसरं बंद करायचं नाही. आणि त्या वहिनींचं काय सांगतेस, त्यांच्याकडे उंचीची पावडर चालू आहे ना?"

"डब्यांवर डबे! मागच्या महिन्यात भंगारवाल्याला दिले तेव्हा मी बघितले. चॉकलेटची, व्हॅनिलाची, एक बदामाची."

"२०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विकणाऱ्यांना बजावलं होतं, असली पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या नावाखाली ठेवू नका, अन्नाच्या कायद्यात असा प्रकारच नाही. वहिनींना हे मी गेटवर उभं राहून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, 'काकू, तुमच्या वेळचं वेगळं.'"

"पण काकू, एक म्हणू? त्यांच्या पोराची उंची खरंच वाढलीय हो. या वर्षी केवढा उंच झालाय! मलाही वाटलं, आणावा का एखादा डबा."

"इकडे ये, जवळ. कुणाला सांगणार नसशील तर सांगते. तो पोरगा क्लासच्या आधी रोज आमच्या मागच्या दारानं येतो. दोन भाकऱ्या, दही, कधी पिठलं, शनिवारी अंड्याची पोळी. आईला सांगायचं नाही अशी अट घातलीय मला. पावडरचं दूध तो कुंडीत ओततो."

"कुठल्या कुंडीत?"

"शेवंतीच्या. तिची मात्र उंची वाढली नाही ती नाहीच."