सत्तर टक्के इंडिका

आमच्या घरात इंडिका म्हणजे गाडी. पांढरी, डिझेलची. टाटांनी ती 1998 च्या डिसेंबरात आणली आणि बाबांनी पुढच्याच वर्षी घेतली. संध्याकाळी ती कोपऱ्यावर वळली की आई न बघताच ताटं घ्यायला उठायची. त्यामुळे मागच्या वर्षी मी फोनवर तिला म्हटलं, "अगं, आमचे ट्रामकाका इंडिका लावतायत," तेव्हा तिनं जे विचारलं त्यात तिची काही चूक नव्हती.

"डिझेल की पेट्रोल?"

मी राहते ब्रेमेनला. पुण्यात औंधातल्या ब्रेमेन चौकातून रोज कॉलेजला जायचे, आणि पुढे खऱ्या ब्रेमेनमध्येच येऊन पडले. दोन शहरांची जुनी मैत्री आहे म्हणतात. माझ्यापुरती ती अशी फळली. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. जन्मभर ट्राम चालवली, आता निवृत्त. त्यांचं खरं नाव आडनावानं घ्यायचं असतं, कारण अकरा वर्षं शेजारी राहूनही आमचं 'अहो-जाहो' सुटलेलं नाही. आईशी बोलताना मात्र ते ट्रामकाका.

1 एप्रिल 2024 पासून जर्मनीत कायदा बदलला. सज्ञान माणसानं आपल्या राहत्या घरी एका वेळी गांजाची तीन झाडं लावायला हरकत नाही. पोरांचा हात पोचता कामा नये, शेजाऱ्यांना वासाचा त्रास होता कामा नये. ट्रामकाकांनी आयुष्यात सिग्नल मोडलेला नाही. ते कायदा छापून घेऊनच वर आले. गुडघे रात्री झोपू देत नाहीत म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सारून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही भारतीय आहात. यातली कुठली घ्यावी?"

त्यांच्या हातात बियांचा कॅटलॉग होता.

परदेशात भारतीय माणसाला योगासनं, आमटीचे मसाले आणि हत्ती या तीन विषयांतलं सगळं माहीत असतं, हे मी एव्हाना स्वीकारलंय. चौथा विषय त्या दिवशी वाढला. खरं सांगायचं तर गांजा मी लांबूनच पाहिलाय: लहानपणी आळंदीच्या वाटेवर, एका साधूच्या चिलमीतून आलेला धूर, आणि आईनं माझ्या नाकावर दाबलेला पदर. भांग म्हटलं की मला अजून आधी केसांतला आठवतो.

पण कॅटलॉग मात्र मी चवीनं वाचला. काय त्याची भाषा! प्रत्येक वाणाला वजन, उंची, फुलोऱ्याचे आठवडे, राळ किती धरते, वास कसा, आणि शेवटी टक्केवारी: किती इंडिका, किती सटायव्हा. 'नॉर्दर्न लाइट्स'. 'हिंदू कुश'. 'अफगाणी'. आणि पान उलटलं तर चक्क 'साउर डिझेल', वासावरून पडलेलं नाव. आईचा प्रश्न इतकाही चुकला नव्हता तर. फक्त ती डिझेल इंडिका नव्हती, सटायव्हाच्या रकान्यात होती.

ट्रामकाकांचं बोट मात्र एकाच ओळीवर अडलं होतं: सत्तर टक्के इंडिका. म्हणजे काय, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मला तरी काय कळणार? एखादा माणूस सत्तर टक्के पुणेरी आहे म्हटलं तर त्यातले सत्तर टक्के कुठले धरायचे? दुपारी झोपणारे की पाटी लावणारे?

मी भाषांतरं करून पोट भरते, तेव्हा शब्दाच्या मुळाशी जाण्याची खोड आहेच. रात्री शोधत बसले. लिनियसनं 1753 साली या झाडाला कॅनाबिस सटायव्हा म्हटलं. युरोपातल्या शेतात दोरखंडासाठी जे ताग-अंबाडीसारखं लावायचे, ते त्याच्या डोळ्यांपुढे होतं. 1785 मध्ये लामार्क या फ्रेंच पंडितासमोर भारतातून आलेले वाळवलेले नमुने होते. त्याला ते वेगळे वाटले. दोर काढायला निरुपयोगी, डोक्यात चढायला उत्तम. त्यानं नाव दिलं इंडिका. इथवर ठीक. पुढे 1970 च्या दशकात काही पाश्चात्त्य मंडळी अफगाणिस्तानात पोचली. तिथलं झाड बुटकं, घेरदार, रुंद पानांचं, राळेनं माखलेलं. त्यांनी त्यालाच इंडिका म्हणायला सुरुवात केली, आणि बाजारानं ते उचललं.

म्हणजे गंमत बघा. आपल्याकडचं, केरळातलं वगैरे उंच, सडपातळ, निमुळत्या पानांचं झाड, ते आता बाजारात सटायव्हा. आणि ज्यानं सिंधू कधी ओलांडली नाही ते इंडिका. 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी बऱ्याच वाणांची जनुकं तपासली, तर लेबलाचा आणि रक्ताच्या नात्याचा फारसा मेळ बसेना. वास देणाऱ्या थोड्याशा द्रव्यांपुरता बसला तेवढाच. मला हे वाचून मंडईची आठवण झाली. मेमध्ये तिथे प्रत्येक पेटीवर 'देवगड' लिहिलेलं असतं. एवढे आंबे यायचे तर देवगड तालुका नागपूरपर्यंत पसरलेला असायला हवा. शेवटी आपण काय करतो? पेटीत नाक घालतो.

तसं पाहिलं तर आंबाही इंडिकाच: मँगिफेरा इंडिका. कडुनिंब इंडिका. आणि चिंच, टॅमरिंडस इंडिका, ती तर मुळात आफ्रिकेची. आपल्या गावाकडे पारावर बसून आपलीच झाली इतकी, की अरबांनी तिला 'हिंदची खजूर' म्हटलं. माझाही पासपोर्ट आता जर्मन आहे. ते असो.

शेवटी ट्रामकाकांनी बुटकं अफगाणी वळणाचं बी घेतलं, आणि कारण अगदी ट्रामवाल्याला शोभणारं: लवकर तयार होतं. त्यांच्या भाच्यानं बाल्कनीत लावलं होतं, ते वाया गेलं. आमच्याकडे सप्टेंबर उजाडला की आभाळ खाली येतं, धुकं हलत नाही, आणि अशा ओलीत भरगच्च फुलाला आतून करडी बुरशी लागते. वरून सुंदर, आत पीठ. म्हणून ट्रामकाकांनी मागच्या खोलीत तंबू उभारला: कपाटाएवढा, आतून चांदीसारखा चकचकीत, वर दिवा, कडेला पंखा, वासासाठी कोळशाची गाळणी आणि चेनला छोटंसं कुलूप.

बी साधंच घेतलं, नर-मादी न निवडलेलं, कारण ते स्वस्त होतं. इथे मला प्रथमच काही सांगता आलं. आमच्या परसात पपया होत्या. नर पपई ओळखून उपटणं हे आजीचं काम असायचं. इथेही तेच: नर झाड परागाच्या पिशव्या लोंबवतं, आणि एकदा पराग उडाला की मादीचं लक्ष राळेवरून बियांवर जातं. पूर्वी बंगालात नवगावच्या गांजाच्या शेतात नर झाडं हुडकून काढायला खास माणूस बोलवत, त्याला पोद्दार म्हणत. एरवी हा शब्द नाणी पारखणाऱ्याचा. ऑगस्टात मी ट्रामकाकांची पोद्दार झाले. तिघांपैकी एक नर निघाला. ते त्याच्याकडे शेवटच्या थांब्यावर झोपलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं बघत राहिले, मग हळूच उपटलं.

दिवा रोज अठरा तास चालायचा, तो ऑगस्टात त्यांनी टायमर लावून बारावर आणला. हे झाड शेवंतीसारखं आहे. रात्र मोठी झाली की फुलतं. सहाला दिवा गेला की ट्रामकाका खोलीत पाऊल टाकत नसत. रात्र म्हणजे रात्र.

सप्टेंबरात आई आली. येताना लाडू आणले आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "कुठंय ती तुमची गाडी?"

मी तिला खाली नेलं. ट्रामकाकांनी कुलूप काढलं, घड्याळजी वापरतात तसलं भिंग तिच्या हातात दिलं. पानं मागे सारून फूल पुढे केलं. नुसत्या डोळ्यांना ते साखर भुरभुरल्यासारखं दिसतं. भिंगातून बघाल तर जंगलच: काचेचे बारीक देठ, प्रत्येकाच्या टोकाला गोल डोकं, पिनांच्या उशीसारखे दाटीवाटीनं. ट्रामकाका मला समजावत होते, मी आईला. आधी ही डोकी पारदर्शक असतात, मग दुधाळ होतात, मग एकेक मधाच्या रंगाचं होऊ लागतं. बहुतेक दुधाळ आणि थोडी मधाळ झाली की कापायचं.

आई भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "म्हणजे उलटा साबुदाणा."

याचं जर्मन करायला मला दहा मिनिटं लागली. साबुदाणा म्हणजे काय इथपासून.

मग तिनं फुलाला बोट लावलं, आणि बोट बोटाला चिकटलं. नाकाशी नेलं. "कैरीचा चीक, थोडा कापूर, आणि ओल्या गोणपाटासारखं काहीतरी," असं निदान केलं. कॅटलॉगात यासाठी अर्धं पान होतं. हात धुवायला ट्रामकाकांनी साबण पुढे केला, तशी ती म्हणाली, "साबणानं काय होतंय? फणस कधी कापला नाही वाटतं. आधी तेल लावायचं हाताला." राळ पाण्याला दाद देत नाही, तेलात विरघळते, भांग दुधातुपात घोटायची ती त्यासाठीच. पुढे ऑक्टोबरात काढणी झाली तेव्हा ट्रामकाका हाताला सूर्यफुलाचं तेल चोळून, कात्री घेऊन, एखाद्या सुगरणीसारखे बसले होते.

काढणीनंतर मात्र आईचं आणि जर्मन कायद्याचं फाटलं. घरच्या पिकातलं दुसऱ्याला द्यायचं नाही, फुकटसुद्धा नाही, असा नियम आहे. आम्हाला ते नकोच होतं. पण तत्त्व म्हणून आईला ते पटेना. "पीक आलं आणि शेजारी वाटी गेली नाही? हा कसला कायदा?" मी म्हटलं, आपल्याकडे तर 1985 च्या कायद्यानं परवान्याशिवाय झाड लावलं तरी थेट तुरुंग आहे. "तो वेगळा मुद्दा," आई म्हणाली. ट्रामकाकाही ओशाळले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सफरचंदाचा मुरंबा आणून दिला. आईनं बरणी रिकामी परत जाऊ दिली नाही.

खरी अडचण माझ्या तुळशीची. अकरा वर्षांत सहा तुळशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत मारल्या. दरवर्षी नोव्हेंबरात तिच्या काड्या होतात. साडेचारला अंधार पडतो. तिनं तरी कशाच्या जोरावर जगायचं? आई रोज सकाळी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे एकाच नजरेनं बघायची. एका सकाळी कुंडी उचलून ती सरळ जिना उतरली. खालचा तंबू रिकामा होता, दिवा होता, पंखा होता.

तुळशीत भांग हे आपण ऐकलेलं असतं. इथे प्रकार उलटा झाला.

तुळशीचं लग्न त्यामुळे तंबूत लागलं. ऊस मिळाला नाही, तेव्हा टोमॅटोच्या काठ्या उभ्या केल्या. कृष्णाची पितळी मूर्ती आईनं बॅगेतून आणलीच होती. अंतरपाट म्हणून तंबूची चेन. ट्रामकाका कोट घालून, मुठीत अक्षता धरून उभे होते. मंगलाष्टकं आईची, जरा लांबलीच. शेवटचं 'सावधान' झालं, मी चेन खाली ओढली, आणि त्याच क्षणी दिवा गेला. सहा वाजले होते. फुलोऱ्याचा टायमर बदलायचा राहूनच गेला होता. अंधारात आम्ही अंदाजानं अक्षता टाकल्या. निम्म्या पंख्यानं परत केल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रामकाका काळजीत वर आले. उद्या कोणी तपासायला आलं तर? एक कुंडी जास्त दिसते. हिच्यावर नीट चिठ्ठी लावलेली बरी. वाण कुठला?

"कृष्ण तुळस," आई म्हणाली.

त्यांनी खिशातून मार्कर काढला, नाव ठळक अक्षरात लिहिलं, आईकडे एकदा बघितलं, आणि खाली न विचारता भर घातली: शंभर टक्के इंडिका.