हेरखात्यात बस्तान कसे बसवावे

पहिली सूचना अशी की अर्ज करू नये. अर्ज करण्याजोगे काही नाहीच. 'रॉ'ची जाहिरात येत नाही, आणि 'रॉ एजंट भरती, जागा मर्यादित' असा संदेश मोबाइलवर आलाच, तर तो पाठवणाऱ्याची गाठ तुमच्याआधी पोलिसांशी पडण्याचा संभव अधिक. २१ सप्टेंबर १९६८ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने इंटेलिजन्स ब्युरोकडचे परदेशी हेरगिरीचे काम वेगळे काढले, ते रामेश्वरनाथ काव यांच्या हाती दिले आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २५० माणसे ब्युरोतूनच उचलून दिली. म्हणजे देशाच्या बाह्य हेरखात्याचा श्रीगणेशाच मुळी बदलीच्या हुकमाने झाला. या खात्याच्या स्थापनेसाठी संसदेने वेगळा कायदा केलेला नाही. कागदोपत्री ते कॅबिनेट सचिवालयाची एक शाखा आहे आणि त्याचा प्रमुख 'सचिव (संशोधन)' म्हणवला जातो. हे पदनाम वाचून ज्याचा हिरमोड झाला, त्याने पुढे वाचायची तसदी घेऊ नये. ज्याला हायसे वाटले तो योग्य दारात आला आहे, कारण इथे एकच गोष्ट शिकवायची आहे: हेरखात्यात बढती खुर्चीला मिळते, साहसाला नाही. तेव्हा खुर्ची गाठावी.

खुर्चीकडे जाणारा सर्वांत रुंद रस्ता भारतीय पोलीस सेवेतून निघतो. प्रतिनियुक्तीवर यावे, जमल्यास वरपर्यंत चढावे, न जमल्यास आपल्या राज्यात परतून महासंचालकपदाची वाट पाहावी. दुसरा रस्ता खात्याच्या स्वतःच्या केडरचा. काव यांच्याच काळात, १९७१ साली, 'रिसर्च अँड अॅनालिसिस सर्व्हिस' निघाली. नागरी सेवांच्या प्रशिक्षणार्थींतून तिच्यासाठी माणसे अक्षरशः हेरली जातात. तिथे आलेला माणूस आयुष्यभर तिथेच राहतो, शेजारी देशांच्या भाषा शिकतो, तिथल्या सेनापतींच्या पथ्यपाण्यापर्यंत सगळे जाणून घेतो आणि प्रमुखाची जागा रिकामी झाली की बाहेरून आलेल्या पोलीस अधिकाऱ्याचे हसतमुखाने स्वागत करतो. राजिंदर खन्ना यांच्यासारखे अपवाद आहेत, पण आजवरचे बहुतेक प्रमुख पोलीस सेवेचेच. 'आम्ही घरचे की ते?' हा वाद खात्यात जुना आहे आणि शत्रुराष्ट्राविषयीच्या कोणत्याही वादापेक्षा अधिक पोटतिडकीने चालतो, असे मानायला जागा आहे. गुणवत्ता यादीत घसरून टपाल सेवेत पडलेल्यांनी मात्र रडत बसू नये. २००३ पर्यंत 'रॉ'चे प्रमुख असलेले विक्रम सूद मूळचे भारतीय टपाल सेवेचेच. दुसऱ्याची पत्रे न फोडता जागच्या जागी पोचवण्याचे खाते सोडून, ती फोडून वाचण्याच्या खात्यात ते शिखरावर पोचले.

टपाल खात्यातल्याच आणखी एका माणसाची गोष्ट या सूदसाहेबांशेजारी ठेवून वाचावी, म्हणजे आमचा मुद्दा लख्ख दिसेल. राजस्थानातला रेल्वे मेल सर्व्हिसचा एक कर्मचारी. त्याचे म्हणणे असे की १९७०च्या दशकात भारताच्या एका गुप्तचर शाखेने त्याला कामगिरीवर पाकिस्तानात पाठवले. १९७६च्या डिसेंबरात तो तिथे पकडला गेला आणि हेरगिरीबद्दल त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. इकडे १९८० साली त्याच्या कार्यालयाने त्याला कामावरून काढून टाकले. कारण? विनापरवाना गैरहजेरी. पाकिस्तानच्या तुरुंगातून किरकोळ रजेचा अर्ज वेळेत पाठवण्याची सोय नसावी. सुटून आल्यावर तो वर्षानुवर्षे न्यायालयांत हेलपाटे घालत राहिला. या माणसाशी आपला काही संबंध नाही, ही केंद्र सरकारची भूमिका शेवटपर्यंत कायम होती. अखेर २०२२ साली सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने त्याला १० लाख रुपये द्यायला लावले. तेही सानुग्रह, म्हणजे हेरगिरीचा मोबदला म्हणून नव्हे. दोघेही टपालातले. एकाच्या टेबलावर फाइल आली आणि दुसऱ्याच्या नावाने फाइल उघडली गेली, एवढाच काय तो फरक. करिअर पहिल्याला असते. दुसऱ्याला फार तर याचिका क्रमांक मिळतो. जो सीमा ओलांडतो तो सहसा खात्याचा नोकर नसतोच. त्याला ना वेतनश्रेणी, ना महागाई भत्ता, ना त्याला ओळख दाखवणारा कोणी साहेब. सिनेमावाले या दोघांना एकाच नटाच्या अंगात कोंबतात, म्हणून तर होतकरूंचा घोटाळा होतो.

यावर कोणी छाती काढून म्हणेल, मग १९७१चे काय? मुक्तिवाहिनी काय टिपण्या लिहून उभी राहिली? उत्तर असे की लढले ते लढलेच. पण हजारो माणसांच्या तळांना शिधा, शस्त्रे, पैसा आणि बिनतारी यंत्रे पुरवायची तर कोणीतरी हिशेब ठेवावाच लागतो, आणि बढती हिशेब ठेवणाऱ्याची होते. खुद्द काव यांच्याकडे पाहावे. १९५५ साली 'काश्मीर प्रिन्सेस' हे एअर इंडियाचे विमान स्फोटाने समुद्रात कोसळले तेव्हा भारताच्या वतीने त्यांनी तपास केला. तो तपास म्हणजे पाठलाग आणि गोळीबार नव्हे. विमान हाँगकाँगला थांबले असताना त्याला कोणाकोणाचे हात लागले, याची चिकाटीने केलेली छाननी. त्या गृहस्थांनी फोटो काढून घेण्याचा एवढा कंटाळा केला की आज त्यांच्यावर लेख छापायचा तर संपादकाला तीच ती दोन-तीन छायाचित्रे फिरवावी लागतात. दुसरा आक्षेप अस्सल मराठी: आपले बहिर्जी नाईक? त्यांच्या वेषांतराच्या सुरस कथा पिढ्यान्‌पिढ्या रंगत आल्या आहेत, पण सभासदाच्या बखरीत त्यांचे जे काम दिसते ते एवढेच की सुरतेत अमाप पैसा आहे, ही खबर त्यांनी आणली. आजच्या भाषेत हा एका व्यापारी शहराचा आर्थिक पाहणी अहवाल झाला. तो अचूक होता, हे १६६४च्या जानेवारीत सुरतकरांना कळले.

तिसरा आक्षेप परदेशाकडे बोट दाखवणाऱ्यांचा. ब्रिटनचे एमआय-सिक्स आणि अमेरिकेची सीआयए आपल्या संकेतस्थळांवर उघड अर्ज मागवतात, मग आपणच एवढे सोवळे का? मागवतात खरे. पण अर्जाबरोबरची ताकीदही वाचावी: अर्ज केल्याची वाच्यता मित्रमंडळींत करू नका. इथेच मराठी उमेदवाराची खरी परीक्षा सुरू होते. आपल्याकडे पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर उमेदवाराच्या फोटोपेक्षा मोठा फोटो नगरसेवकाचा असतो. मुख्य परीक्षेनंतर ज्ञातिबांधव सत्कार ठेवतात, आणि अंतिम निवडीनंतर शाल, श्रीफळ आणि 'मी कसा घडलो' हे व्याख्यान. ज्या मुलाला आपल्या आत्याला काही न सांगता सहा महिने काढता येत नाहीत, त्याला परकीय सत्तेची गुपिते सांभाळता येतील असे समजणे धाडसाचे आहे, आणि धाडसाबद्दलचे आमचे मत वर आलेच आहे. प्रसिद्धीचे भय हे काल्पनिक नाही. 'रॉ'च्या १९७५च्या सेवा नियमांत १३५ क्रमांकाचा नियम आहे. अधिकारी गुप्तहेर म्हणून उघडा पडला, किंवा सुरक्षेच्या कारणाने कामास निरुपयोगी ठरला, तर त्याला सक्तीने निवृत्त करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हा नियम वैध ठरवला. इतर खात्यांत नाव झाले की पदक मिळते, इथे घरी पाठवतात.

नोकरीतल्या तक्रारींबद्दल थोडक्यात. युनियन काढता येत नाही. १९८०च्या सुमारास खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी चक्क संप केला होता. हेर संपावर गेले तर शत्रूला ते कळवायचे कोणी, हा पेच सरकारला सुचला की नाही कोण जाणे, पण १९८५ साली संसदेने कायदा करून गुप्तचर संस्थांतल्या माणसांचा संघटनेचा आणि वृत्तपत्रांत बोलण्याचा हक्क आवळून टाकला. माहितीच्या अधिकारातून कोणी काही काढील म्हणावे, तर त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात खात्याला सूट आहे. मधला मार्ग एकच, साहेबाशी जुळवून घेणे. तो सगळ्याच कार्यालयांत शिकवला जातो, म्हणून इथे विस्तार करत नाही.

निवृत्तीनंतर सर्वांत मोठा मोह आत्मचरित्राचा. तो टाळावा. खात्यात काम केलेल्या एका निवृत्त मेजर जनरलांनी २००७ साली पुस्तक लिहिले. त्यात मुख्यतः खरेदी-व्यवहारांवरची टीका होती, पण परीक्षण लिहायला घरी सीबीआय आली. सीमेपलीकडेही तोच न्याय: आयएसआयचे माजी प्रमुख असद दुर्रानी यांनी 'रॉ'चे माजी प्रमुख अमरजितसिंग दुलत यांच्यासोबत संवादाचे पुस्तक काढले, आणि २०१९ साली पाकिस्तानी लष्कराने दुर्रानींचे पेन्शन बंद केले. आपल्याकडेही ३१ मे २०२१च्या दुरुस्तीनंतर निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्याला खात्यासंबंधी काही छापायचे तर आधी परवानगी हवी, नाहीतर पेन्शनवर गदा. तेव्हा लेखणी म्यान करून, दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत जाऊन तेवढा हयातीचा दाखला द्यावा. खिडकीपलीकडच्या कारकुनाने कुठल्या ऑफिसात होता असे विचारले तर 'कॅबिनेट सचिवालय' म्हणावे, आणि तिथे काय काम असायचे असे विचारले तर 'आवक-जावक'.