वायफायवाले जिभाऊ

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात एखाद्या घरी लॅपटॉप वायफाय पकडेनासा झाला, की कंपनीला फोन लागायच्या आधी जिभाऊंना लागतो. जिभाऊ म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. शिरपूर रस्त्याकडे एक असतात, यावल रस्त्याकडे दुसरे, आणि अडावद, लासूर, धानोरा या गावांचे आपापले वेगळे. वय चाळिशीच्या आसपास, छातीच्या खिशात टेस्टर, कानामागे मोबाईलने सोडलेला घामाचा पट्टा. पोटाचा धंदा भलताच असतो; कुणी जळालेल्या मोटारी भरतो, कुणी खतं-बियाण्यांचं दुकान चालवतो, कुणी शाळेत कारकून. संगणकाची पदवी यांच्यापैकी कुणाकडे नसते. पदवी असते ती त्या घरच्या मुलाकडे. तो पुण्याहून सुटीवर आलेला असतो, दुपारभर त्या इवल्याशा लॅपटॉपशी झटून लालबुंद झालेला असतो, आणि शेवटी त्याचीच माय म्हणते, "जाऊ दे रे, जिभाऊले बलाव." जिभाऊ येतात, चहा घेतात आणि वायफाय चालू होतं. याला मुलगा नशीब म्हणतो. मला ते पटत नाही. जिभाऊ जिंकतात ते शिक्षणाच्या जोरावर, फक्त ते शिक्षण झालेलं असतं केळीच्या बागेत.

हा दावा वाटतो तितका वाह्यात नाही. जळगाव जिल्हा केळीचा. इथल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भवरलाल जैन यांनी जळगावातून ठिबक सिंचन शेतकऱ्यांच्या गळी उतरवलं, त्यालाही आता दोन पिढ्या होत आल्या. तापीकाठचा आणि सातपुड्याच्या पायथ्याचा शेतकरी त्यामुळे एक गोष्ट बिनपुस्तकाची शिकला. शेवटच्या ओळीतलं झाड सुकलं, तर झाडाशी भांडायचं नाही. पाणी कुठवर आलं ते बघायचं. मोटार चालू आहे का, फिल्टर तुंबलाय का, सबमेनला दाब आहे का, लॅटरलची एंड कॅप उघडली तर धार येते की नुसता गाळ, आणि हे सगळं झालं की मग ड्रीपर. बागेत शिरताच झाडाच्या बुंध्याशी बसून ड्रीपर टोकरणारा माणूस दिवस घालवतो आणि संध्याकाळी घरी कळतं की फेज गेली होती. लॅपटॉपच्या बाबतीत अभियंता मुलगा नेमकं हेच करतो. तो थेट सेटिंगच्या सातव्या खिडकीत शिरतो, ड्रायव्हर काढतो, पुन्हा घालतो. कॉलेजात त्याला उत्तरं पुष्कळ शिकवलेली असतात, आणि आधी कोणता प्रश्न विचारायचा तेवढं राहून गेलेलं असतं.

जिभाऊ खाटेवर टेकता टेकता एकच विचारतात, "नाव दिसस का?" म्हणजे आपल्या वायफायचं नाव लॅपटॉपच्या यादीत दिसतं का. या एका प्रश्नाने अर्धा आजार बाजूला पडतो. नाव दिसतच नसेल तर पासवर्डची चर्चा फुकट आहे. काही लहान लॅपटॉपांच्या कडेला वायरलेसची बारीकशी सरकती कळ असते, आणि ती पिशवीत घासून बंद झालेली असते. किंवा राउटर नुसता ५ गिगाहर्ट्झवर चाललेला असतो आणि २००७ नंतर बाजारात आलेल्या त्या स्वस्त, सात-दहा इंची लॅपटॉपांना बहुधा २.४ गिगाहर्ट्झच ऐकू येतं. किंवा लाटा पोचतच नाहीत: राउटर पुढच्या खोलीत लोखंडी कपाटावर, देवांच्या तसबिरींमागे, आणि लॅपटॉप जुन्या धाब्याच्या घराच्या मागच्या खोलीत, मधली मातीची भिंत इतकी रुंद की तिच्यातल्या कोनाड्यात घागर मावेल. नाव दिसत असेल आणि आत घेत नसेल, तर भांडण कुलपाचं. आत घेतलं पण पान उघडत नसेल, तर जिभाऊ लॅपटॉपचा पत्ता बघतात, तो १६९.२५४ ने सुरू होत असला तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने तो मनानेच घेतलाय. आणि पान उघडतं पण प्रत्येक साइट असुरक्षित असल्याची बोंब होत असेल, तर ते कोपऱ्यातली तारीख बघतात. आतली छोटी बॅटरी मेली की लॅपटॉप थेट मागच्या दशकात जाऊन बसतो आणि आजची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. पत्ता बरोबर, तारीख बरोबर आणि तरीही नेट नसेल, तर जिभाऊ घरच्या आबांकडे वळून हळूच विचारतात, "पैसे भरेल शेत ना?" या प्रश्नाला पुष्कळ घरांत शांतता हेच उत्तर असतं.

कुलपाच्या भांडणात मात्र जिभाऊंची खरी करामत दिसते, कारण तिथे यंत्रापेक्षा माणसं जास्त गुंतलेली असतात. "पासवर्ड काय शे?" असं विचारताच घरातून चार उत्तरं येतात आणि चौघंही शपथेवर असतात. एकाच्या मते नातवाची जन्मतारीख, दुसऱ्याच्या मते मोबाईल नंबर, तिसऱ्याच्या मते कुलदैवत, पहिलं अक्षर मोठं. जिभाऊ कुणालाच खोटं पाडत नाहीत. ते फक्त टाइप केलेली अक्षरं दिसतील अशी खूण करतात आणि म्हणतात, आता टाका. लहान लॅपटॉपांत आकड्यांचा वेगळा पट्टा नसतो. बऱ्याच मॉडेलांत तो अक्षरांमध्येच लपवलेला असतो. नम लॉकची कळ चुकून दाबली गेली, की जेच्या जागी १, एलच्या जागी ३ आणि ओच्या जागी ६ उमटतो. रोमन अक्षरांत जळगाव लिहायला गेलेला माणूस गुमान तीन आकडे लिहितो, आणि समोर ठिपकेच दिसत असल्याने घरभर एकमेकांच्या स्मरणशक्तीवर संशय घेतला जातो. दुसरा नेहमीचा रोग म्हणजे शेजाऱ्यांना कळला म्हणून मध्येच बदललेला पासवर्ड. घरातल्या सगळ्यांना तो सांगितलेला असतो, लॅपटॉपला सांगायचा राहून जातो, आणि तो जुनाच पासवर्ड निष्ठेने पुढे करत राहतो. जिभाऊ यादीतलं ते नाव आधी पुसून टाकतात आणि ओळख नव्याने करून देतात.

यावर मुलाचा आक्षेप असा, की जिभाऊ शेवटी राउटर बंद करून चालूच करतात. त्याला काय अक्कल लागते? करतात, हे खरं. पण त्या एका बटणाने बऱ्याच गोष्टी घडतात. वाटलेले पत्ते पुन्हा वाटले जातात, अडकलेला जोड नव्याने बांधला जातो, आणि राउटर चॅनल पुन्हा निवडतो. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनल चालतात, पण अमेरिकेसाठी घडवलेली कार्डं ११ च्या पुढे बघत नाहीत. राउटर आपल्या मर्जीने १३ वर जाऊन बसला की अशा लॅपटॉपपुरतं ते वायफाय गावातून उठून गेलेलं असतं. बंद करून चालू केल्यावर तो ६ वर आला, की आजार गेला. कारण नेमकं सांगता येत नाही, एवढ्यावरून उपाय चुकीचा ठरत नाही. आणि जिभाऊ हे पहिल्यांदा करत नाहीत, प्रश्न संपल्यावर करतात; बंद-चालू आधीच केलं असतं तर खूणच पुसली गेली असती.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. जिभाऊ लॅपटॉप जोडायच्या नादात कुलूपच ढिलं करतात. कधीकधी तर पासवर्डच काढून टाकतात आणि गल्लीभर पुण्य मिळवतात. हे चूक आहे आणि त्यांच्या चाहत्यांनीही ते चूक म्हणावं. वायफायचं पहिलं कुलूप, डब्ल्यूईपी, २००१ मध्येच फुटलं. त्यानंतर २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए टू आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए थ्री आलं. नव्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए थ्री लावलं असेल, तर जुन्या लॅपटॉपला ती भाषाच येत नाही. पासवर्ड कितीही बरोबर असो. अशा वेळी नव्याला एक पायरी खाली उतरवायचं, डब्ल्यूपीए टूवर, आणि तिथेच थांबायचं. मार्च २००६ पासून वायफायच्या प्रमाणपत्रासाठी ते सक्तीचं झालं, त्यामुळे लहान लॅपटॉपांना ते जमतं, आणि लांब पासवर्ड असेल तर घरापुरतं ते पुरेसंही आहे. अनेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करता येतं. म्हाताऱ्या लॅपटॉपला तिथे बसवलं तर बाकीच्या घराला झळ बसत नाही. चांगले जिभाऊ हे करतात. घाईतले करत नाहीत, आणि दुर्दैवाने लग्नसराईत सगळेच घाईत असतात.

राहिला तिसरा आक्षेप, की आता मोबाईलचं हॉटस्पॉट आहे, जिभाऊंची गरजच काय. हॉटस्पॉटलाही नाव असतं, पासवर्ड असतो, त्यातही २.४ आणि ५ अशी निवड असते. म्हणजे रोग तोच, फक्त राउटर खिशात आला. जिभाऊ कुठे जात नाहीत.

तेव्हा एवढंच करा. राउटरच्या पाठीवरचं स्टिकर चांगलं दिसत नाही म्हणून खरवडू नका. मूळ नाव आणि पासवर्ड तिथेच छापलेला असतो. पासवर्ड बदलला तर तो घरातल्या वहीत लिहा, भिंतीवर नको. आणि जिभाऊंनी विचारलं की पासवर्ड काय शे, तर आठवत नसल्यास आठवत नाही म्हणा, अंदाजाने सांगू नका.